वर नाव आपलं, खाली मार्क दुसऱ्याचे

सोमवार, १८ ऑगस्ट

चार वाजता निकालाचं पान सुरू झालं. चार वाजून सहा मिनिटांनी दीपमालाकडचे तिन्ही फोन एकदम वाजायला लागले. दीपमाला आमची मदतवाहिनी सांभाळते — म्हणजे तीन मोबाईल आणि एक वही.

उत्तुंगवेध क्लासेस, नांदेड आणि लातूर. महिन्यातून एका रविवारी नीटची सराव परीक्षा, सोमवारी निकाल. या परीक्षेपासून भिंतीवर यादी नाही. नऊ हजार पालकांनी आपापल्या मोबाईलवर पाहायचं. पान आमच्या ऑफिसनं बनवलेलं. ऑफिसचे प्रमुख बालाजी सरांनी सकाळी नारळ फोडला, संगणकाला कुंकू लावलं. नारळाचं थोडं पाणी की-बोर्डात गेलं. ‘पाणी जाणं शुभ असतं,’ म्हणाले. आता त्या की-बोर्डाचा ‘ल’ उठत नाही.

संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस तक्रारी. सगळ्यांचं एकच — मार्क कमी दिसतात. ‘पोरगी म्हणती साडेपाचशे, हितं दोनशे हायत.’ दीपमाला प्रत्येकाला तेच सांगत होती, ‘काका, पोरं घरी वाढवूनच सांगतात.’

एक फोन मी घेतला. मुदखेडच्या एक बाई. ‘ताई, आमच्या पोराला सहाशे चाळीस दाखवून राहिलंय. त्यो रविवारी तापानं पडलेला. परीक्षेला बसलाच न्हाई.’

जास्त दिसले म्हणून फोन करणारी दिवसभरात ही एकटीच.

मंगळवार, १९ ऑगस्ट

सापडलं.

इथं लिहून ठेवते, ऑफिसात ऐकायला कुणी नाही. एक पालक पान उघडतो तेव्हा एक रिक्वेस्ट येते. ती बारा फंक्शनांच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या बारा छोट्या तुकड्यांच्या, हातांतून जाते. एक पाल्य कोण ते ओळखतं, एक मार्क काढतं, एक रँक लावतं, एक पान सजवतं, असं. या सगळ्यांना ‘हे कुणाचं काम चाललंय’ ते माहीत असावं लागतं. आमच्याकडं ते लिहून ठेवायला वर एकच जागा आहे — नाव ‘चालू विद्यार्थी’. सगळी फंक्शनं तिथं मान वर करून बघतात. एकच पालक असेल तोवर झकास. दोघं एकदम आले की दुसऱ्याचं नाव पहिल्याच्या नावावर बसतं. पहिल्याच्या पानावर नाव आधीच छापून झालेलं असतं, मार्क मात्र अजून काढायचे असतात. म्हणून वर नाव आपल्या पोराचं आणि खाली मार्क दुसऱ्याचे.

गेल्या वर्षी पान दोनशे पालकांवरच चालवून पाहिलं होतं. एकमेकांच्या वाटेत आले नाहीत.

हे सत्यम सरांचं काम. मी इथं लागले तेव्हा सगळं तेच लिहायचे. दोन महिन्यांत पुण्याला गेले, तिप्पट पगारावर. जाताना सगळ्यांना बालूशाही वाटली, मीपण खाल्ली. माणूस पुढं जातो आणि मागं हे असं ठेवून जातो! वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं — आपल्या हातून असं कधी होऊ द्यायचं नाही.

बालाजी सरांना समजावून सांगितलं.

‘म्हणजे दोघं एकदम आले तरच गडबड?’

‘हो सर.’

‘मग एकदम येऊ नका म्हणून सांगू.’

बुधवार, २० ऑगस्ट

सांगितलं. नऊ हजार पालकांना मेसेज गेला — आडनाव ‘अ’ ते ‘ग’, चार ते सव्वाचार, ‘घ’ ते ‘ण’, सव्वाचार ते साडेचार, असं ‘ज्ञ’पर्यंत. खाली सरांनी स्वतः लिहिलं, ‘शिस्त हीच यशाची पहिली पायरी.’

चारला सगळे आले. सव्वाचारला सगळे परत आले. घुगे, पांचाळ, वाघमारे, सगळे. दुसऱ्यांच्या वेळेत काय दिसतं ते बघायला.

गुरुवार, २१ ऑगस्ट

आज लातूरच्या पालकांच्या ग्रुपवर फिरलेला मेसेज दीपमालानं दाखवला. ‘निकाल समाधानकारक नसल्यास पान बोटानं खाली ओढावे. मार्क वाढतात.’

उदगीरच्या एका काकांनी सात वेळा ओढून ५१०चे ६६१ केले. मग थांबले, फोटो काढला आणि दीपमालाला फोन करून आभार मानले. ‘रीचेकिंगची सोय लई चांगली केली. पहिलं फॉर्म भरावं लागायचं.’

तक्रारी काल एकशे साठ. आज नऊ.

‘बघ,’ बालाजी सर म्हणाले, ‘आपोआप सुटलं. तू लई विचार करून राहिलीस.’

शुक्रवार, २२ ऑगस्ट. पोळा.

बाबांशी बोलले. शिरूर अनंतपाळला आमची पिठाची गिरणी आहे. आज बंद, म्हणून निवांत होते. नेहमीसारखं आधी विचारलं, ‘उज्वला, जेवलीस का?’ मग, ‘साहेब बरे हायत का?’ घरात पदवी झालेली मी पहिली. त्यामुळं ऑफिसात मी काय करते ते त्यांना नीट कळत नाही आणि ते गावाला मात्र सगळं सांगत असतात.

सांगितलं त्यांना. मिनिटभरात म्हणाले, ‘म्हंजे सगळ्यांच्या दळणाला एकच डबा?’

‘डबे वेगळे आहेत बाबा. पण आत्ता कुणाचं दळतोय ते नाव भिंतीवर लिहिलंय. नवीन माणूस आला की ते पुसून त्याचं लिहितात.’

‘आन् जुनं पीठ आजून पडूनच राहिलंय?’

‘हो.’

‘गाव मारील की मला.’ मग, ‘डब्यावर चिठ्ठी चिकटवा न् डबा दळणाच्या संगं फिरवा. भिंतीचं काय काम? तुझे साहेब शिकलेले हायत ना?’

‘आहेत.’

‘मग हळूहळू समजून सांग.’

शनिवार, २३ ऑगस्ट

दिवसभर बसून दुरुस्ती केली. आता प्रत्येक रिक्वेस्टची स्वतःची पिशवी. पाल्याचं नाव, नंबर, सगळं त्या पिशवीत. पहिलं फंक्शन पिशवी दुसऱ्याच्या हातात देतं, दुसरं तिसऱ्याच्या, असं बाराव्यापर्यंत. काम झालं की पिशवीही गेली. वर काही नाही. बारा ठिकाणी तेच तेच लिहावं लागतं, दिसायला बावळट दिसतं. पण दोनशे खोटे पालक एकदम सोडून पाहिले, एकाचाही मार्क दुसऱ्याकडं गेला नाही. तीनदा पाहिलं.

डोळ्यांत पाणी आलं जरा. कुणी नव्हतं.

रविवार, २४ ऑगस्ट

ऑटोतून वजिराबादकडून येताना बॅनर मोजले. ‘सराव परीक्षा क्र. ४ मध्ये प्रथम क्रमांक, ७०१ गुण.’ अकरा बॅनर. अकरा जण प्रथम. द्वितीय कुणी नाही. एकावर पोराचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा आणि शुभेच्छुकांचे चौतीस फोटो.

७०१च का, ते ऑफिसात जाऊन नोंदीत पाहिलं. खरोखर पहिला आलेला पोरगा औशाचा आहे, अकरांतलं एक बॅनर त्याचं. त्याच्या वडिलांनी आनंदाच्या भरात सोमवारी आणि मंगळवारी पान तीनशे बारा वेळा उघडलं. दर वेळी वरच्या त्या जागेवर त्याचं नाव बसलं आणि जो शेजारून गेला त्याला ७०१ मिळाले. माणसानं नुसतं बघून बघून जिल्हाभर प्रसाद वाटला.

अकरावं बॅनर मुदखेडच्या त्या पोराचं, जो परीक्षेला बसलाच नव्हता. सहाशे चाळीसवर न थांबता मामांनी पान परत उघडलं असणार, बॅनरही त्यांनीच लावलंय. शुभेच्छुकांत आईचा फोटो नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

क्लासचे संचालक अमरनाथ सर लातूरहून आले. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं. बालाजी सरांनी मला दुरुस्ती दाखवायला सांगितली. दाखवली. फार मनापासून बोलले मी, अर्धा तास.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘हे लावलं की काय होईल?’

‘प्रत्येकाला आपल्याच पाल्याचे खरे मार्क दिसतील, सर.’

‘सगळ्यांना?’

‘हो सर.’

ते बालाजी सरांकडं बघायला लागले. बालाजी सर पंख्याकडं.

‘खरे म्हणजे, आत्ता लोकांनी जे पसंत केलेत त्याच्यापेक्षा कमी.’

‘बहुतेकांना कमीच, सर. अकरातले दहा बॅनर उतरवावे लागतील.’

‘बेटा,’ अमरनाथ सर फार मायेनं बोलतात, ‘परवा गणपती बसणार. सणासुदीत नऊ हजार घरांत मार्क कमी करायचे? आज तक्रारी किती?’

‘चार,’ बालाजी सर म्हणाले.

‘एकशे साठच्या चार केल्या तुम्ही. सत्कार करायला पाहिजे तुमचा. अनंत चतुर्दशीपर्यंत काही हलवू नका.’

जाताना मात्र पानाच्या तळाशी एक ओळ टाकायला सांगितली. मीच टाकली. ‘दिसणारा निकाल आपल्याच पाल्याचा असल्याची खात्री पालकांनी करून घ्यावी.’

मंगळवार, २६ ऑगस्ट

देगलूरहून फोन. मुलीचा आवाज, अगदी हळू. दामिनी नाव. बारावीत आहे, आमच्या वसतिगृहात होती. आईच्या मोबाईलवरून बोलत होती, आई मोरीत होती तेवढ्यात.

‘ताई, उत्तरसूची लावून मी दोनदा मोजले. पाचशे सत्त्याऐंशी. हॉस्टेलच्या फोनवरून बाबांना तसं सांगितलं. त्यांच्या मोबाईलमध्ये एकशे बारा आले. शनिवारी येऊन सामानासकट घेऊन आले मला.’

मी तक्त्यात पाहिलं. ५८७. पोरीनं एक मार्कही इकडं-तिकडं केला नव्हता. एकशे बारा कुणा दुसऱ्याचे, किनवटच्या पोराचे.

माझ्या तोंडून काय निघालं? ‘बाबांना म्हणावं, पान परत उघडून बघा.’ लाज वाटली मला, पण निघालं.

‘बाबा एकदाच बघतेत,’ ती म्हणाली. ‘दुकानात वजनपण एकदाच करतेत. दोनदा करणं म्हणजे आपल्याच काट्यावर संशय, म्हणतेत.’

क्लासचा नियम आहे — दहा दिवस गैरहजर तर प्रवेश रद्द, खाट प्रतीक्षा यादीतल्या मुलीला. शनिवारपासून दहा दिवस म्हणजे पुढचा मंगळवार. वसतिगृहात फोन करून विचारलं. दामिनीच्या खाटेला सहाजणी थांबल्यात.

‘ताई, मंगळवारनंतर मला परत कुणी घेईल का?’

मी ‘बघते’ म्हणाले. फोन बंद झाला, आई आली असणार.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. ऑफिसच्या आरतीनंतर बालाजी सरांनी सर्व्हर बंद पडू देऊ नकोस म्हणून साकडं घातलं. मी वेगळं घातलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

‘सर, दामिनीच्या वडिलांना एक पत्र द्यायचं. चुकीचे मार्क दिसले, एवढंच.’

‘पत्र दिलं की चूक मान्य केल्यासारखं होतं,’ बालाजी सर.

‘चूक झालीय, सर.’

‘झालीय. मान्य कुठं केलीय?’

अमरनाथ सरांना फोन लावला. ते म्हणाले, एकीला पत्र दिलं तर उद्या नऊ हजार मागतील. मग म्हणाले, ‘आणि बेटा, ५८७ काय, या वर्षी त्यात काही होत नाही. शेती-बिती असेल ना त्यांची?’

‘दुकान आहे.’

‘मग काळजी नाही.’

दामिनीचा निकाल तक्त्यातून कागदावर छापून घेतला. अर्ज दिला, शनिवारची सुट्टी. कारण लिहिलं — घरगुती. खोटं लिहिलं.

शनिवार, ३० ऑगस्ट

देगलूर. एसटी नरसीच्या फाट्यावर पाऊण तास थांबली. ड्रायव्हर चहाला गेला आणि गप्पांत रमला.

दामिनीच्या वडिलांचं, मलप्पांचं, दुकान बाजारात, किराणा आणि भुसार. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग, आवाज खाली. ‘बस गं यव्वा. नांदेडहून आलीस?’ यव्वा म्हणजे कानडीत बाई, लेकीलाही म्हणतात. पाणी दिलं, मग बायकोला, कमलम्मा काकूंना, चहा सांगितला. दामिनी आतल्या दारात उभी होती. फोनवर वाटली त्यापेक्षा उंच आहे.

मी सगळं सांगितलं. वरची एकच जागा, नऊ हजार पालक, किनवटचे एकशे बारा. निकालाचा कागद पुढं ठेवला. ते शांतपणे ऐकत होते. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला तूरडाळ दिली, परत बसले. ‘हां. किनवटपर्यंत आलो होतो.’

शेवटी म्हणाले, ‘मार्क कमी पडले म्हणून न्हाई आणली मी. पडतेत. खोटं बोलली म्हणून आणली.’

‘ती खोटं बोलली नाही काका. हे बघा की, ५८७.’

त्यांनी कागद उचलला. चष्मा लावून तळापर्यंत वाचला आणि तळाशी बोट ठेवलं. तिथं छापलेलं असतं ना — ‘हा संगणकीकृत निकाल असून सहीची आवश्यकता नाही.’

‘मोबाईलनं एकशे बारा सांगितलं. तुझा कागद पाचशे सत्त्याऐंशी सांगून राहिलाय. दोन्ही तुमचेच. दोन्हीवर सही कुणाची न्हाई. सही नसलेला कागद आमच्याकडं पुडी बांधायला लागतोय.’

कमलम्मा काकू आतून म्हणाल्या, ‘पोरगी रडून रडून अर्धी झाली. सोडा की आता.’

‘मी कुठं धरलीय? मला बी पाठवायचीच हाय.’ मग माझ्याकडं वळून, ‘यव्वा, माझ्या घरात माझी पोरगी खोटी ठरली. ठरवली कुणी? मशीननं? मशीनला घर न्हाई, दार न्हाई, तिच्या माफीचं मी काय करू? ज्याच्या हातानं चुकलं, त्याला लिहायला लाव. मी अमुक अमुक, माझ्या हातानं चुकलं, तुमची पोरगी खरं बोलली. खाली नाव, सही. त्याच दिवशी दामिनीला घेऊन येतो. तिचे पाय धरीन मी, मला लाज न्हाई त्याची.’

दामिनी दारातून आत गेली.

परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही. उभ्यानं आले. त्यांचं काही चुकत नव्हतं. नाव हवं होतं, आणि नाव मला माहीत होतं.

रविवार, ३१ ऑगस्ट

सुट्टी, तरी ऑफिसला गेले. प्रोग्रॅमची कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते आमच्याकडं नोंदलेलं असतं. पण जानेवारीत बालाजी सरांनी सगळं काम नव्या खात्यात हलवलं, तेव्हापासून हजारो ओळींपुढं एकच नाव दिसतं — बालाजी. ते पाहुण्यांना दाखवतात. ‘सगळं एकट्यानं लिहिलं.’ त्यांना साधी एक ओळ लिहिता येत नाही. त्यांना धरून उपयोग नाही.

सत्यम सरांना पुण्याला फोन केला. मनात ठरवलं होतं, आवाज चढवायचा नाही. तरी चढला. एका मुलीचं वर्ष तुमच्या एका ओळीपायी जातंय, असं बोलले. दामिनीचं सगळं सांगितलं.

‘कुठली ओळ?’ त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवली. मग म्हणाले, ‘जुन्या नोंदी आहेत माझ्याकडं. उद्या ऑफिसला गेल्यावर पाठवतो. सावकाश बघ.’

एवढंच. ‘माझं चुकलं’ नाही, काही नाही. म्हणून मसुदा मीच करून ठेवला, त्यांनी फक्त सही करायची. ‘मी खाली सही करणार, असे लिहून देतो की निकालाच्या पानात माझ्या हातून चूक झाली. त्यामुळे आपणांस दुसऱ्याचे मार्क दिसले. आपली मुलगी दामिनी खरे बोलली. तिला ५८७ गुण आहेत. या चुकीला मी एकटा जबाबदार आहे.’

‘एकटा’ खाली रेघ मारली. चांगला झालाय मसुदा. कडक.

सोमवार, १ सप्टेंबर

नोंदी दुपारी आल्या. सत्यम सरांच्या कामात पिशवी होती. बाराही फंक्शनांतून हातोहात, अगदी मी २३ तारखेला केली तशीच. गेल्या वर्षी ११ जुलैला ती कुणीतरी काढून टाकली आणि वर ती एक जागा केली. शेजारी शेरा आहे — ‘तेच तेच बारा वेळा देणे टाळले. आता सगळ्यांसाठी एकच. सोपे केले.’ खाली नाव, उज्वला येरोळकर.

मला लागून तेव्हा महिनाही झाला नव्हता.

तीन वाजता दुरुस्ती लावून टाकली, कुणाला न विचारता. मसुद्यात ‘देतो’चं ‘देते’ केलं, ‘एकटा’चं ‘एकटी’. सही केली. फोटो देगलूरला पाठवला, तोच बालाजी सरांना आणि अमरनाथ सरांना.

अर्ध्या तासानं मलप्पा काकांचा मेसेज. ‘पोरीला वाचून दाखवलं. उद्या पहिल्या गाडीनं येतोत, खाट ठेवा म्हणावं. तुझ्या नोकरीचं काय होईल, ते पण लिहून कळव यव्वा.’